इरण्णा मास्तरांचं पान

इरण्णा मास्तरांविषयी मी आजवर तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा निम्मंच बोललो. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात, ते गेल्यावर कारखान्यात झालेल्या शोकसभेत, आणि एकदा माझ्या मुलीनं विचारलं तेव्हा घरी. प्रत्येक वेळी मी त्यांच्या नजरेचं कौतुक केलं, ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि मी गप्प झालो. उरलेलं निम्मं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो, कारण त्यात मी आहे. आता मला एकाहत्तरावं लागलंय. अजूनही हे लिहिताना दाराची कडी वाजली की मी कागद उलटा करून ठेवतो. घरात मी आणि बायको, दोघंच. तिला चष्म्याशिवाय दिसतही नाही. तरी करतो.

मास्तर अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात डाईंग मास्तर होते. टॉवेल आणि चादरींच्या सुताला कोणता रंग किती चढला, हे ठरवण्याचा शेवटचा शब्द त्यांचा. त्या खात्याचा अधिकारी म्हणून मी रुजू झालो त्या दिवशी मास्तर जागेवर नव्हते. "उजेडात गेलेत," एकजण म्हणाला. मागच्या उत्तरेकडच्या दाराबाहेर एक उंच, कपाळाला विभूती लावलेला माणूस हातावर कापडाचा तुकडा घेऊन डोळे मिटून उभा होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, आधी तुकड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमी नवे सायेब व्हय? जरा बाजूला व्हा की. तुमच्या शर्टाचा पिवळा पडतोय ह्याच्यावर."

डोळे का मिटले होते, हे मी विचारलं. "डोळ्याला आधीचा रंग चिकटून बसतोय सायेब. विसापत्तूर मोजायचं, तो धुऊन निगतो. मग बगायचं. न्हाईतर मानूस कालचंच बगत ऱ्हातो."

मास्तर जवळच्या वळसंग गावचे. घरात कन्नड, खात्यात मराठी, आणि एखादा लॉट बिघडला की पुन्हा कन्नड. ते रागावले की आवाज चढत नसे, भाषा बदलत असे. "यप्पा" असा एक शब्द त्यांच्या तोंडून आला, की माणसं आपापल्या यंत्रांकडं पळत. माझ्याच वयाचे असूनही मला कायम साहेबच म्हणत.

कंपनीनं प्रत्येक खात्याला एक विकी दिलं, तेव्हा मला वाटलं, हे काही मास्तरांच्या गळी उतरणार नाही. विकी म्हणजे खात्याची संगणकावरची सामायिक वही. कुणीही तीत पान लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. पण मास्तरांना ती फारच आवडली. ते एका बोटानं टंकत आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत. त्यामुळं ते लिहायला बसले की अख्ख्या खात्याला पान आधीच ऐकू येई. आमच्याकडं तिचं नाव 'विक्की' पडलं. "विक्कीला विचार", "विक्कीत घाल". नवीन आलेल्या एका कारकुनानं आठवडाभर विक्की नावाच्या माणसाला शोधलं.

मास्तरांचा नियम एकच होता. चूक झाली की ती लिहायची आणि कुणाची तेही लिहायचं. सुरुवातीला माणसं बिचकली. मास्तरांनी पहिलं पान स्वतःचं लिहिलं: "निळा लॉट बिघडला. इरण्णानं मीठ आधी टाकलं." खाली कारण, उपाय. मग बाकीचेही लिहू लागले. "चुकीला नाव पायजे," ते म्हणत. "बिननावाची चूक लई फिरती. आज ह्याच्या घरी, उद्या त्याच्या घरी."

माणसं मनमोकळं लिहीत, कारण ती वही आमच्या खात्याच्या बाहेर कुणाला दिसत नव्हती. आणि अगदी खासगी पान असेल तर त्याला कुलूप लावायची सोय होती. पानाच्या कोपऱ्यात कुलपाचं छोटं चित्र होतं. ते दाबलं की ज्यांची नावं दिली असतील त्यांनाच पान उघडे.

असं कुलूप लावलेलं एकच पान आमच्याकडं होतं. ते नरसय्याचं.

नरसय्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला फिट्स यायच्या. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. मास्तरांनी हे कळल्याबरोबर त्याला उकळत्या रंगाच्या यंत्रावरून काढून रंगजुळणीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. कंपनीला कळवलं नाही. मला सांगितलं. मी मान हलवली, म्हणजे मीही त्यात होतो. पण मास्तर सुटीवर असताना एकदा त्याला फिट आली आणि दुसऱ्या पाळीतल्या माणसांनी त्याच्या नाकाशी चप्पल धरली, दातांत चमचा घातला. ओठ फाटला. मास्तर परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं केलं.

"चप्पल हुंगवायला ते काय कुत्रं हाय व्हय रे?"

त्याच दिवशी त्यांनी ते पान लिहिलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. खाली तारीखवार नोंदी. फिट हा शब्द मात्र पानावर कुठंच नव्हता. नरसय्यानंच विनवलं होतं, "मास्तर, तो शब्द नको." म्हणून मास्तरांनी आमच्याकडं वीज गेल्यावर म्हणतात तसं लिहिलं: "लाईट गेली. नरसय्या. तीन मिनिटं. आली." खात्यातही तसंच बोललं जाऊ लागलं. कुणी हळूच म्हणालं, "लाईट गेली," की दोघंजण शांतपणे रंगजुळणीच्या खोलीकडं चालू लागत.

कुलूप लावल्यावर मास्तरांनी मला बोलावलं. "लागलं का बगा सायेब. मला ह्यातलं कळत न्हाई." मी स्वतः बघितलं. लागलं होतं. हे मी पुढच्या गोष्टीसाठी मुद्दाम लिहून ठेवतो.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा कंपनीनं शोधयंत्रणा आणली. एकाच चौकटीत शब्द टाकायचा आणि साऱ्या खात्यांच्या विक्या, पत्रं, अहवाल यांतून उत्तर बाहेर यायचं. प्रत्येक खात्यानं आपलं विकी तिला जोडायचं होतं. आमच्या विकीच्या सगळ्या किल्ल्या माझ्या नावावर, म्हणून काम माझ्याकडं आलं. मास्तरांना मी सांगितलं, तेव्हा ते हसले.

"म्हंजी विक्कीला आता सगळ्या गावात हिंडवनार म्हना की."

"कामाच्या पानांपुरतंच, मास्तर."

"आन नरसय्याचं पान?"

"त्याला कुलूप आहे. ते तसंच राहील."

"तुमी म्हनताय म्हंजी ऱ्हाईल," ते म्हणाले आणि कामाला लागले.

जोडणीत एक चौकोन होता. त्यावर खूण केली की कुलपं पाळली जात: बिनकुलपाचं पान सगळ्यांना शोधात दिसे, कुलपाचं ज्यांची नावं दिली असतील त्यांनाच. पण त्यासाठी विकीतल्या प्रत्येक नावाला कंपनीचा ई-मेल जुळावा लागे. आमच्या कामगारांना कंपनीचा ई-मेलच नव्हता. ते 'पहिली पाळी', 'दुसरी पाळी' अशा नावांनी विकीत शिरत. मी खूण केली की सगळी नावं लाल होत आणि आमच्या खात्याचं एकही पान शोधात येत नसे. दोन दिवस मी त्या लाल यादीशी झगडलो. मुदत शनिवारची. कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, दिवसातून दोनदा विचारत, "झालं का?" शनिवारी दुपारी मी खूण काढून टाकली. लाल रंग गेला. पानं भराभर आत जाऊ लागली.

जोडणी माझ्या नावानं होती आणि मला सगळी पानं दिसत. म्हणजे मला दिसणारं सगळं आता साऱ्या कंपनीला दिसणार होतं. हे मला त्या क्षणी कळलं होतं का? कित्येक वर्षं मी स्वतःला 'नाही' असं सांगत आलो. कळलं होतं. पुढच्या आठवड्यात नीट करू, असं मी मनाशी म्हटलं आणि डबा उचलून घरी गेलो.

सोमवारी सकाळी मी प्रवेशद्वाराशेजारच्या स्वागतकक्षात गेलो. तिथल्या मुलीला म्हटलं, एक मिनिट तुझा संगणक दे. चौकटीत 'नरसय्या' टाकलं. पान उघडलं. सगळं. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तारखा.

"सापडलं का सर?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि पान बंद केलं. 

तेव्हाच जोडणी तोडायची होती. एक बटण होतं. पण त्याच सकाळी मोठ्या साहेबांचं पत्र सगळ्या खात्यांना गेलं होतं, की रंगखात्यानं सर्वांत आधी विकी जोडलं, त्यांचा आदर्श घ्या. मला निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. तोडलं तर का तोडलं हे सांगावं लागणार. मी बटण दाबलं नाही. पुढचे चार दिवस मी एका जागी बसलो नाही. कुणी संगणकासमोर बसलेलं दिसलं की मी त्याच्या मागून जाऊन पडदा बघत असे. जिन्यात दोघं बोलताना दिसले की माझे पाय थांबत. फोन वाजला की वाटे, आलं. मास्तरांनी एकदा विचारलंही, "सायेब, चेहरा राखाडी पडलाय. साखर तपासून घ्या." माझ्या चेहऱ्याचा रंगही त्या माणसाला अचूक कळला होता.

शुक्रवारी सगळ्या खातेप्रमुखांपुढं यंत्रणेचं प्रात्यक्षिक ठेवलं. ते मी करायचं होतं. मास्तर मागच्या रांगेत बसले होते. मी मिठाचं प्रमाण शोधून दाखवलं, पाण्याचा अहवाल शोधून दाखवला. मोठे साहेब खूश होते. मग ते वीज विभागाच्या अधिकाऱ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला नवा जनरेटर हवाय ना? किती वेळा वीज गेली ते यातनंच काढू. टाका हो, लाईट गेली."

माझी बोटं कळफलकावर होती. मी म्हणालो, "साहेब, वीज खंडित असं टाकू का? अहवालात तसं असतं."

"खंडित कोण लिहितंय? लाईट गेली टाका."

मी 'लाइट' लिहिलं, ऱ्हस्व इनं. वाटलं, यंत्राला अक्षर चुकलेलं कळणार नाही. पडद्यावर आधी काहीच आलं नाही. मी श्वास सोडला. मग चौकटीखाली एक ओळ उमटली: तुम्हाला 'लाईट गेली' म्हणायचं आहे का? खाली सगळ्यांत वर आमच्या खात्याचं पान.

वीज विभागाच्या अधिकाऱ्यानं सरळ मनानं वाचायला सुरुवात केली. "लाईट गेली, नरसय्या, तीन मिनिटं. आली." तो थांबला. "हा नरसय्या कोण? आमच्या विभागात तर नाही." कुणीतरी हसलं. त्यानं पुढं वाचलं. "कुशीवर वळवायचं. तोंडात काही..." मग खोलीत कुणीच हसलं नाही.

मी मागं वळून बघितलं नाही. मास्तर खुर्ची सरकवून उठल्याचा आवाज तेवढा ऐकला.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आजारी माणूस लपवला, ते एक. आणि असलं पान सगळ्यांना उघडं कसं? उद्या वकिलाची नोटीस येईल. कुणी उघडं ठेवलं ते तासाभरात मला सांगा. मास्तरांनाही बोलवा."

त्या एका तासात मी जे केलं ते इथं पहिल्यांदा लिहितो आहे. मी माझ्या टेबलाशी गेलो, नरसय्याचं पान उघडलं आणि कोपऱ्यातलं कुलूप काढून टाकलं. मग शोधयंत्रणेत जाऊन त्या चौकोनावर पुन्हा खूण केली, म्हणजे मी ती काढली होती हे कुणाला दिसणार नाही. विकीच्या पोटात कुणी काय बदललं याची नोंद राहते. त्या नोंदीत माझं नाव पडलं. पण ती नोंद बघायची कशी, हे त्या कारखान्यात फक्त मला माहीत होतं.

साहेबांच्या खोलीत मास्तर उभे होते. साहेबांनी विचारलं, "पानाला कुलूप होतं का?"

"व्हतं सायेब. मी लावलंतं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "लावायचं राहून गेलं असावं." कुणाकडून राहून गेलं, ते म्हणालो नाही. बिननावाचंच वाक्य बोललो. मग संगणक त्यांच्याकडं वळवून पान दाखवलं. कोपरा मोकळा होता.

मास्तर पुढं झाले. वाकून कोपरा बघितला. डोळे मिटले. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. ते मोजत होते. डोळे उघडून त्यांनी पुन्हा बघितलं. कुलूप नव्हतंच.

"न्हाई दिसत," ते म्हणाले. "ऱ्हायलं आसंल मग. माझ्याकडनंच." मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "तुमी बगितलंतं न्हवं सायेब, त्या दिवशी?"

"आठवत नाही, मास्तर," मी म्हणालो.

नरसय्याला सोमवारी कामावरून कमी केलं. कामास अपात्र, एवढंच लिहिलं होतं. तो फाटकाशी मास्तरांपुढं उभा राहून म्हणाला, "मास्तर, पडलो तरी मी कुणाचं कापड कधी बिघडवलं नाही ना?" मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. पुढं त्यांनीच ओळखीनं त्याला नव्या पेठेत एका कापडदुकानात लावून दिलं. बायका साडी घेऊन येतात, तो ब्लाऊजपीस जुळवून देतो. मी नव्या पेठेत जायचं सोडलं. सोनाराकडं जायचं असलं तरी मागच्या गल्लीनं जातो.

मास्तरांना लेखी ताकीद मिळाली. पण त्यांचं जे बिघडलं ते त्या कागदानं नाही. तोवर तुकडा घेऊन एकदा दाराबाहेर जाणारा माणूस आता तीनदा जाऊ लागला. आत येऊन कुणालाही विचारी, "हिरवाच हाय न्हवं ह्यो?" यंत्राचं झाकण लावलं की परत जाऊन हात लावून बघे. घरी निघालेला माणूस फाटकापासून मागं फिरे, वाफेची चावी बंद केली का बघायला. विकीत लिहिणं त्यांनी बंद केलं. बाकीच्यांनीही केलं. एकदा मला म्हणाले, "सायेब, हातानं केलेलं मला पक्कं आठवतंय. आन तसं झालेलं नसतंय. मग आतापत्तूर जे आठवतंय त्यातलं खरं किती, ह्याचं भ्या वाटतंय बगा." त्यांच्या आवाजात मी पूर्वी कधीच न ऐकलेलं काहीतरी होतं. मीही घाबरलो, पण स्वतःसाठी. वाटलं, आता हे नोंद बघायला मागतील. त्यांनी मागितली नाही. सहा महिन्यांत त्यांनी आपण होऊन काम सोडलं. मला मुदतवाढ मिळाली.

दोन वर्षांची मुदतवाढ संपल्यावर मी वळसंगला गेलो. एसटीत बसल्यापासून मी एक वाक्य घोकत होतो. मास्तर ओसरीवर बसले होते, हातात काठी. मला बघून उठायला लागले. त्यांच्या पत्नीनं, गुरुबाईंनी, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. "खावा की, शेरातली मानसं लई कमी खातात," त्या म्हणाल्या. मास्तरांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, माझ्या मुलीची केली. मग गुरुबाई आत गेल्या आणि मी घास खाली ठेवून म्हणालो, "मास्तर, एक बोलायचं होतं."

"ठावं हाय," ते म्हणाले.

 वाटलं, कळलंय यांना. आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं.

"त्या पानाचंच न्हवं? सायेब, मलाच तुमास्नी बोलायचं व्हतं. तुमचं नाव त्यात खराब झालं. तुमी इतकं करून जोडलं, आन मी कुलूप लावायचं इसरलो. नरसय्याचं वाटोळं माझ्या हातनं झालं. तुमी त्या दिवशी सायबापुढं माझं नाव घेतलं न्हाई, राहून गेलं म्हनलात. ते मी इसरलो न्हाई." त्यांनी हात जोडले. "पदरात घ्या."

जोडलेले ते हात माझ्या समोर होते. नखांत नेहमी असायचा तो निळा रंग आता नव्हता. मी तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं.

"असू द्या मास्तर," मी म्हणालो. "होतं माणसाकडून."

"तुमी मनात ठिवलं न्हाई, लई झालं," ते म्हणाले आणि डोळे पुसले. मला भाकरी संपवायचा आग्रह केला. मी संपवली. ते काठी टेकत थांब्यापर्यंत सोडायला आले. एसटी हलली तेव्हा त्यांचा हात वर होता.

त्यानंतर मी तीनदा वळसंगला निघालो. एकदा बसस्थानकावरून परत आलो, एकदा वाटेतल्या कुंभारीत उतरलो आणि उलटी गाडी पकडली. तिसऱ्यांदा पोचलो तेव्हा ओसरीवर माणसं जमली होती आणि मास्तरांचा देह त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून ठेवला होता, कपाळभर विभूती लावून. गुरुबाई मला बघून म्हणाल्या, "तुमचं नाव लई चांगलं घ्यायचे." मी मास्तरांच्या पायाशी फूल ठेवलं. लोक मागं उभे होते, बोलता आलं नाही.

नरसय्या हे वाचेल. गुरुबाईंना कुणीतरी वाचून दाखवेल. त्याची मला आजही भीती वाटते, आणि तरीही छापायला देतो आहे. एसटीत घोकलेलं वाक्य लहान होतं. ते असं होतं: मास्तर, कुलूप तुम्ही लावलं होतं, मी ते काढलं, तुम्हाला आठवत होतं ते खरं होतं, मला माफ करा.